विलाप, विलापिका आणि ‘विलापिकेसारखे काही’

‘विलापिका’ ही संज्ञा मराठी समीक्षेत रुळून बराच काळ लोटला आहे. तरीही तिचे विशेषण आपल्याजवळ नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. इंग्रजीत ‘एलेजी’ या नामाशेजारी ‘एलिजिअ‍ॅक’ हे विशेषण उभे आहे आणि ते नामापेक्षा कितीतरी अधिक ठिकाणी वावरते. कविता विलापिका नसली तरी तिचा सूर ‘एलिजिअ‍ॅक’ असू शकतो. कादंबरीचा शेवट, एखादे निसर्गचित्र, ओस पडलेल्या वाड्याचे वर्णन यांनाही ते लागू पडते. मराठी समीक्षकाला असे काही म्हणायचे असते तेव्हा तो दोनांपैकी एक मार्ग पत्करतो. एक तर ‘विलापिकेसारखे काही’ असे चाचपडत लिहितो, किंवा ‘शोकात्म’ हा तयार शब्द उचलतो. यातला दुसरा मार्ग अधिक प्रशस्त वाटतो आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. कारण ‘शोकात्म’ हे विशेषण ‘शोकात्मिके’चे आहे. त्याच्या पोटात संघर्ष, नियती, नायकाचा प्रमाद आणि अटळ अध:पात हे सारे नाट्यविचारातून आलेले सामान भरलेले आहे. ज्या रचनेत कोणी कोणाशी झगडतच नाही, फक्त जे गेले त्याच्याकडे पाहत राहते, तिला ‘शोकात्म’ म्हटले की आपण तिच्याकडून संघर्षाची अपेक्षा करू लागतो आणि तो न सापडल्यास तिला ‘हळवी’ ठरवून मोकळे होतो.

हा केवळ भाषांतराच्या सोयीगैरसोयीचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु एका विशेषणाच्या अभावामुळे काही साहित्यकृतींचे आणि आख्यानांचे वाचनच बिघडते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पूर्वी उस्मानाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२३ पासून धाराशिव हे नाव धारण केलेल्या जिल्ह्यातील दोन कथने आणि एक घटना समोर ठेवून हे दाखविता येईल. तत्पूर्वी मूळ शब्दाच्या प्रवासाकडे थोडे पाहावे लागेल.

ग्रीक भाषेत ‘एलेगोस’ म्हणजे पाव्यासारख्या वाद्याच्या साथीने गायिलेले शोकगान. त्यापासून साधलेला ‘एलेगेयॉन’ हा शब्द मात्र शोकाचे नव्हे, तर एका द्विपदीचे नाव झाला : पहिली ओळ सहा गणांची, दुसरी पाच गणांची. या द्विपदीत टिर्टेअसने सैनिकांना स्फुरण चढविले, सोलोनने अथेन्सच्या राजकारणाविषयी लिहिले, मिम्नेर्मसने सरत्या तारुण्याची खंत मांडली. लॅटिनमध्ये प्रॉपर्टिअस आणि ऑव्हिड यांच्या हाती ती प्रेमकवितेची द्विपदी झाली. म्हणजे हे विशेषण दीर्घकाळ छंदाचे होते, भावाचे नव्हते. पुढे इंग्रजीत मिल्टनच्या ‘लिसिडस’पासून टेनिसनच्या ‘इन मेमोरियम’पर्यंत ‘एलेजी’ मरणाशी बांधली गेली. ग्रेची १७५१ मधली प्रसिद्ध कविता तर कोणा एकाच्या मरणाविषयी नाहीच; ती गावकुसाजवळच्या एका दफनभूमीत उभे राहून केलेले चिंतन आहे. दरम्यान शिलरने १७९५-९६ मध्ये निराळीच दिशा दाखविली. त्याच्या मते हे विशेषण रूपबंधाचे नसून जाणण्याच्या एका पद्धतीचे आहे : आदर्श आणि वास्तव यांतले अंतर जो कवी उपहासाने नव्हे तर खंतावून अनुभवतो, तो या जातीचा. रिल्केच्या ‘दुइनो’ विलापिका (१९२३) वाचताना कोण मेले आहे असे विचारणे निरर्थक ठरते ते याच अर्थामुळे.

छंद, मरणगीत आणि जाणीव असे तीन अर्थ एका शब्दात असे एकावर एक साचले. इंग्रजी वाचकाला ते तिन्ही एकाच वेळी ऐकू येतात. आपण उसनवारी केली ती मधल्या एकाच अर्थाची.

असाच प्रवास आपल्या अधिक जवळच्या एका शब्दानेही केला आहे. १९४८ पर्यंत धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याचे नाव त्याने इतकी वर्षे वागविले. या मुलखाच्या कानाला ‘मर्सिया’ हा शब्द परका नव्हता. मूळ अरबीत मृताविषयीचा शोक व त्याची स्तुती, एवढाच त्याचा अर्थ. उर्दूत तो प्रामुख्याने करबल्याच्या हौतात्म्याशी जोडला गेला. एकोणिसाव्या शतकात लखनौच्या अनीस आणि दबीर यांनी सहा ओळींच्या कडव्यांत त्याचा विस्तार एवढा केला की घोडा, तलवार, रणभूमीवरची पहाट यांची वर्णने करणारे ते जवळजवळ महाकाव्यच झाले. मग एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूवरच्या कवितेला काय म्हणायचे? गालिबच्या निधनानंतर (१८६९) हालीने लिहिलेल्या मर्सियासारख्या रचनांसाठी उर्दूने ‘शख्सी’ हे विशेषण जोडले आणि प्रश्न सोडविला. म्हणजे उर्दूने अर्थ वेगळे केले. आपण ते केले नाही.

आपण काय केले? आपल्याकडे ‘एलेजी’चा शब्दश: प्रतिशब्द पूर्वीपासून होता : रडगाणे. रडणे आणि गाणे एकत्र आणणारा हा शब्द किती नेमका आहे! पण आज त्याचा अर्थ कुरकूर, तीच ती तक्रार, असा आहे. कोणी रडगाणे गातो म्हटले की आपण त्याला गप्प करू पाहतो. शब्दाची ही घसरण कशी झाली असावी याची कल्पना करता येते. मराठवाड्यातील कोणत्याही गावात माणूस गेल्यावर बाया हेल काढून रडतात; रडता रडता गेलेल्याचे गुण, नाती, त्याने केलेली कामे, अर्धवट टाकलेले संसार यांची उजळणी करतात. बाहेरगावाहून नवी बाई आली की तिच्या गळ्यात पडून तो सूर पुन्हा पहिल्यापासून धरला जातो. ही पुनरावृत्ती त्या गाण्याचा प्राण आहे. परंतु ओसरीवर बसलेल्या पुरुषांना आणि पुढे लिहिणाऱ्यांना ती कंटाळवाणी वाटली असणार. जे स्त्रियांचे, तोंडी आणि पुन्हा पुन्हा येणारे, त्याचे नाव तक्रारीला मिळाले. आणि जे लिहिले जाते, एकदाच म्हटले जाते, त्याच्यासाठी ‘विलापिका’ हा स्वच्छ, संस्कृत वळणाचा, ‘एकांकिका’ आणि ‘शोकांतिका’ यांच्या पंक्तीला बसेल असा शब्द घडविला गेला. शब्द देखणा आहे यात वाद नाही. पण त्याचा जन्मच मुळी एका वेगळ्या गाण्याकडे पाठ फिरवून झाला आहे.

संस्कृत परंपरेत ‘विलाप’ आहे आणि तो भरपूर आहे. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गातील अजविलाप आणि ‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गातील रतिविलाप हे तर पाठ्यपुस्तकी नमुने. रामायणाच्या आरंभी शोकाचाच श्लोक झाला अशी कथा आहे. गंमत अशी की ग्रीक द्विपदीप्रमाणे श्लोकानेही आपला शोक लवकरच विसरून टाकला. पुढे त्यात वैद्यक आले, ज्योतिष आले. तथापि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे तो रसविचारातील एक बारकावा. प्रिय व्यक्ती दूर असेल, पण भेटीची आशा असेल, तर तो विप्रलंभ; आशाच संपली असेल तर करुण. मधली एक जागा विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त नोंदविली : दोन प्रेमिकांपैकी एक परलोकी गेला आहे, परंतु त्याच देहाने पुन्हा लाभणार आहे, तेथे करुणविप्रलंभ. ‘कादंबरी’तील पुंडरीक आणि महाश्वेता हे त्याचे उदाहरण. प्रश्न दु:खाच्या तीव्रतेचा नाही. परत येण्याच्या शक्यतेचा आहे. हा निकष आपण नाट्यशास्त्राच्या तासाला पाठ करतो आणि आधुनिक कविता वाचताना घरी ठेवून येतो.

त्याला आणखी एक निकष जोडावासा वाटतो, व्याकरणातल्या पुरुषाचा. विलाप हा द्वितीयपुरुषी असतो. हेल काढून रडणारी बाई मेलेल्याविषयी बोलत नाही, मेलेल्याशी बोलते. अज इंदुमतीशी बोलतो, रती मदनाशी. विलापिकेत मृत व्यक्ती ‘तू’कडून ‘तो’ किंवा ‘ती’कडे सरकू लागते, कवी मृताकडून वाचकाकडे वळतो आणि हे वळणे हाच त्या रूपबंधाचा खरा प्रसंग असतो. आणि तिसरी अवस्था अशी की संबोधायला कोणी उरलेलेच नसते. जे गेले ते व्यक्तीच नसते, किंवा इतके सारे गेलेले असते की एकाला हाक मारणे दुसऱ्यावर अन्याय ठरावा. येथे उरतो तो प्रथमपुरुष, पाहत असलेला. विशेषण हवे आहे ते या तिसऱ्या अवस्थेसाठी.

या कसोटीवर आपली नेहमीची उदाहरणे हलू लागतात. गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ ही कविता विलापिकेचा मराठी आदर्श म्हणून शिकविली जाते. पण त्या कवितेतली माता मुलाच्या मरणाचा विलाप करीतच नाही. मूल झोपले आहे असेच ती मानते आणि भोवतालच्यांना गलका करू नका म्हणून विनवते. मरण ठाऊक आहे ते भोवतालच्या माणसांना आणि वाचकाला. म्हणजे कवितेचे सारे सामर्थ्य बोलणारीचे अज्ञान आणि ऐकणाऱ्याचे ज्ञान यांच्या तफावतीत आहे. आणि ही तफावत नाटककाराची आहे. गडकरी येथे विलापिका लिहीत नसून शोकात्मिकेतला एक प्रवेश लिहीत आहेत. गंमत पाहा : जिला खरोखर ‘शोकात्म’ म्हणता येईल तिला आपण विलापिका म्हणतो, आणि जी खरी विलापिकेच्या जातीची तिला शोकात्म.

उलट नामदेवांच्या नावावरील समाधीचे अभंग घ्या. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाचे हे निवेदन. तेथे सगळे संत जमले आहेत, निवृत्तिनाथांचा बांध फुटला आहे आणि प्रत्यक्ष विठ्ठलही शोकाकुल आहे. पाश्चात्त्य गोपगीत-परंपरेतील विलापिकेत शेवटी सांत्वन येते : मृत व्यक्ती कोठेतरी वर, ताऱ्यांत किंवा देवाच्या दरबारी विराजमान होते आणि कवी उठून कामाला लागतो. येथे सांत्वन करू शकणारा जो एकमेव, तोच रडणाऱ्यांत बसलेला आहे. शिवाय ज्ञानदेव मेलेले नाहीत, ते समाधिस्थ झाले आहेत. तत्त्वत: शोकाला कारणच नाही आणि तरी शोक आवरत नाही. ‘तू’ आणि ‘तो’ यांच्यामध्ये हे निवेदन हेलकावत राहते. विलापिका हा शब्द मराठीत सर्वांत काटेकोरपणे लागू पडतो तो येथे, आणि तेथेच तो फारसा कोणी वापरत नाही. कारण ही रचना ‘संतवाङ्मय’ या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली असते.

ज्या संतांच्या परिवारात नामदेवांची परीक्षा झाली अशी कथा आहे, ते गोरोबाकाका धाराशिव जिल्ह्यातील तेरचे. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख आहे आणि तेथील मातीतून निघालेल्या वस्तूंचे एक संग्रहालयच गावात आहे. मातीचे हे माहात्म्य लक्षात ठेवून गोरोबांच्या आख्यानाकडे पाहावे. महिपतींच्या ‘भक्तिविजया’त (१७६२) ते विस्ताराने येते, पण कीर्तनातून ते त्यापूर्वीही आणि नंतरही घरोघर पोचलेले आहे. पत्नी पाण्याला गेलेली. गोरोबा चिखल तुडवीत असताना नामात रंगलेले. रांगत आलेले मूल पायाखाली सापडते आणि चिखलात मिसळून जाते. पत्नी परतते. तिचा आक्रोश सुरू होतो न होतो तोच कथा वळण घेते : पतीचा राग, पत्नीने घातलेली विठ्ठलाची शपथ, पुढे शपथ मोडल्याच्या पश्चात्तापाने गोरोबांनी तोडून घेतलेले हात, पंढरपूरचे कीर्तन, परत आलेले हात आणि रांगत परत आलेले मूल.

रसविचाराच्या भाषेत सांगायचे तर आख्यानाने करुणाला करुणविप्रलंभाच्या वळणावर आणून सोडले आहे. मूळ व्याख्या प्रेमिकांपुरती असली तरी मूल परत मिळते म्हणून विलापाला पूर्ण होऊ दिले जात नाही, हे कळण्यासाठी ती येथे उपयोगी पडते. आईचा विलाप द्वितीयपुरुषी सुरू व्हायला हवा होता. तिला मुलाशी बोलू द्यायला हवे होते. आख्यान तिला नवऱ्याशी बोलायला लावते, भांडायला लावते. तिचे रडगाणे अक्षरश: तक्रारीत रूपांतरित होते, शब्दाच्या इतिहासात झाले तसेच. यात संतकथेचा दोष आहे असे नाही. भक्तीचा महिमा सांगणे हे तिचे काम आणि ते ती चोख करते. पण हे आख्यान कीर्तनात लागले की श्रोत्यांचे डोळे भरतात ते मूल परत येते तेव्हा नव्हे, त्याआधी. चमत्कार ऐकून झाल्यावरही चिखलाचे ते चित्र मनातून जात नाही. भक्तीच्या हिशेबात न बसणारा हा जो शेष उरतो, त्याला नाव द्यायला आपल्याजवळ शब्द नाही.

या चिखलाला विसाव्या शतकात एक अनपेक्षित जोड मिळाली आहे. भास्कर चंदनशिव हे कळंब तालुक्यातील हासेगावचे. त्यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत एक शेतकरी बाजारात टोमॅटो घेऊन येतो. भाव पडत जातात, पडत जातात, आणि अखेर तो स्वत: पिकविलेला माल स्वत:च्याच पायांनी तुडवतो. हे सारे त्याचा मुलगा पाहतो आहे. एकाच जिल्ह्यातील ही दोन चित्रे शेजारी ठेवली तर त्यांतले साम्य डोळ्यांत भरते : आपणच वाढविलेले, आपल्याच पायांखाली, चिखल होऊन जाते. चंदनशिवांनी गोरोबा मनात ठेवून ही कथा लिहिली असे सुचवायचे नाही. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. गोरोबांचे पाय समाधीत बेभान आहेत, बापाचे पाय संतापाने. तेथे मूल पायाखाली आहे, येथे मूल बाजूला उभे राहून पाहत आहे. आणि येथे परत काहीही मिळणार नाही.

ही कथा ग्रामीण शोकात्म वास्तवाचे चित्रण म्हणून वाखाणली जाते. ‘शोकात्म’ म्हटल्यामुळे वाचन बापाभोवती फिरू लागते : त्याचा स्वाभिमान, बाजाराशी त्याचा झगडा, त्याचा पराभव. हे खोटे नाही. कथेचा तेवढा भाग शोकात्म आहेच. परंतु बापाचा संघर्ष तुडविण्याबरोबर संपतो आणि कथा संपत नाही, ती मुलाच्या डोळ्यांत राहते. मुलाला कोणाला हाक मारायची नाही. टोमॅटोला कोण हाक मारणार? बाप तर समोर जिवंत उभा आहे. जे गेले आहे ते बापाविषयीचे, श्रमाविषयीचे काहीतरी. आणि ते जाताना पाहणे एवढेच त्याच्या हाती आहे. हा तिसरा, प्रथमपुरुषी सूर. बापाची शोकात्मिका आणि मुलाची ही दृष्टी यांतला ताण हे या कथेचे मर्म आहे, आणि दोहोंना एकच विशेषण लावल्यावर हा ताण दिसतच नाही.

सूर तिसरा आहे हे ओळखणे किती गरजेचे असते, हे ३० सप्टेंबर १९९३ नंतर तीव्रतेने जाणवायला हवे होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री विसर्जन आटोपून झोपलेली लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे पहाटेच्या भूकंपात कोसळली. किल्लारीइतकेच सास्तूरचेही नाव त्या दिवशी सगळीकडे पोचले. हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या. ज्या गावांत एका मरणासाठी दहा दिवस हेल निघत, तेथे एकाच सकाळी इतकी मरणे आली की गळ्यात पडायला बाहेरगावची बाई उरली नाही, आणि आली तर तिच्याही गावाची तीच गत. ही केवळ मनुष्यहानी नव्हती, विलापाच्या व्यवस्थेचीच हानी होती. अशा वेळी द्वितीयपुरुष अशक्य होतो. तरीही अशा आपत्तीनंतर दूर शहरांत लिहिल्या जाणाऱ्या कविता नेमक्या याच चालीने जातात : ‘तू’ म्हणून मृताला हाक मारायची, एखादी बाहुली किंवा एखादे तान्हे निवडायचे आणि त्याला उद्देशून बोलायचे. त्यांतली सद्भावना नाकारण्याचे कारण नाही. परंतु जे ‘तू’ म्हणण्याचा अधिकार नात्याने मिळतो ते येथे उसने घेतलेले असते. चौकाचौकांत लटकणाऱ्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फलकांतला भाव आणि या कवितांतला भाव यांत मग फारसे अंतर राहत नाही.

विशेषण शोधायचेच तर कोठे शोधावे? ‘विलापिकीय’ हा शब्द करता येईल, पण तो सरकारी खात्याचे नाव वाटतो. ‘विराणी’ हा शब्द मोहात पाडणारा आहे. विरहिणीपासून आलेला हा शब्द ज्ञानदेवांच्या विराण्यांमुळे आपल्या कानात मुरलेला आहे, आणि मराठवाड्यात ‘विराण’ हा फारसीतून आलेला, ओसाड या अर्थाचा शब्द त्याच्या इतका जवळ उच्चारला जातो की दोहोंचे मूळ एकच असावे असा भास होतो. ते तसे नाही. आणि अर्थाच्या दृष्टीनेही ‘विराणी’ येथे चालणार नाही. ती विप्रलंभाची आहे, तिला कोणाची तरी वाट पाहायची आहे. तुकोबांच्या विराण्यांत तर नायिका घरदार सोडून निघालेली असते; तिने जे गमावले ते तिने स्वत: टाकले आहे. ‘विराण’ मात्र विचारात घेण्यासारखा आहे. तो व्यक्तीला नव्हे, जागेला लागतो. त्याच्यात कोणाला हाक नाही. आणि तो बोलीतला आहे.

भूकंपानंतर बावन्न गावांचे पूर्णत: स्थलांतर झाले. नव्या जागी सरळ रस्त्यांची, क्रमांक घातलेल्या घरांची गावे वसली आणि त्यांनी जुनीच नावे धारण केली. कोसळलेल्या जागेला वेगळे नाव उरले नाही. तिला नुसते ‘जुने गाव’ म्हणतात. जाता येते अशा अंतरावर ती जागा आहे, परत जाता मात्र येत नाही. विप्रलंभ आणि करुण यांच्यामधल्या ज्या पट्ट्यात विश्वनाथाने दोन प्रेमिक ठेवले होते, तेथे आता एक गावठाण आहे, आणि पुनर्मीलनाची तरतूद नाही. तीस वर्षांहून अधिक काळ नव्या घरांत वाढलेली एक पिढी, जिने ते गाव उभे असलेले पाहिलेच नाही, आज लिहू लागण्याच्या वयाची आहे. ती लिहील तेव्हा तिला ‘शोकात्म’ म्हणण्याआधी तिच्या क्रियापदांचा पुरुष तपासून पाहावा लागेल.